घोडा नवा, पोरगी नवी : उडीच्या भीतीवरचा उपाय

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

मी जनावरांची डॉक्टर. तुमच्याशी नेहमी बोलते ते गाई, म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांबद्दल. आज घोड्याबद्दल बोलणार आहे. "आमच्या दारात घोडा कुठला?" असं तुम्ही म्हणाल. पण थोडं ऐका. विषय घोड्याचा आहे, तसाच आपल्या पोरींचाही आहे.

मागं साकोलीकडच्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलणं झालं, चहा झाला, बाया उठल्या. एक जण मात्र मागं थांबली. तिची पोरगी शिकायला बाहेरगावी आहे. तिथं ती घोडेस्वारी शिकायला लागली. पहिले सहा महिने फोनवर दुसरं बोलणंच नव्हतं. मग एक दिवस तिला चार वर्षांच्या नव्या घोड्यावर बसवलं आणि अडथळ्यावरून उडी मारायला लावली. घोडा बल्लीपुढं एकदम थांबला आणि पोरगी त्याच्या मानेवरून पुढं पडली. हाड मोडलं नाही. पण तेव्हापासून घोड्याजवळ गेली की तिचे हात कापतात. सोबतच्या पोरी हसतात. बापाला अजून सांगितलेलं नाही, कारण तो म्हणेल, बस झालं शिक्षण, घरी ये.

त्या मायनं मला विचारलं, "म्याडम, पोरीले सोडून दे म्हनू, का हिंमत धर म्हनू?"

मी म्हटलं, "बाई, सध्या यातलं एकही म्हणू नका. आधी तिला विचारा, तो घोडा किती वर्षांचा आहे, आणि तिच्याआधी त्यानं किती उड्या मारल्या होत्या?"

असं का विचारलं, तेच आज सांगते.

घोडा आपल्यापासून फार लांब नाही

आपल्या पोरी आता पोलीस भरतीला उतरतात, सैन्यात जायचं स्वप्न बघतात. नागपूर इथून साठ-पासष्ट किलोमीटर. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात राष्ट्रीय छात्र सेनेचं, म्हणजे एनसीसीचं, घोडेस्वारांचं पथक आहे. दिल्लीला प्रजासत्ताक दिनाच्या वेळी एनसीसीचं शिबिर भरतं, त्यात घोड्यावरून अडथळे पार करण्याच्याही स्पर्धा होतात. म्हणजे शेतकऱ्याच्या पोरीलाही घोड्यावर बसायची संधी मिळू शकते.

आणि हा असा खेळ आहे की त्यात बाई आणि पुरुष एकाच मैदानात, एकाच स्पर्धेत उतरतात, अगदी ऑलिम्पिकमध्येसुद्धा. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीत सांघिक सुवर्णपदक मिळालं. १९८२ नंतर या खेळातलं ते पहिलं सुवर्ण. ते उडीचं नव्हतं, घोड्याला शिस्तीत चालवण्याच्या प्रकारातलं होतं. चार जणांच्या त्या संघात दोन मुली होत्या, सुदिप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग.

नवा गोऱ्हा एकटा जुंपत नाहीत

आता मूळ गोष्ट. तुमच्या घरी नवा गोऱ्हा गाडीला किंवा नांगराला शिकवायचा असला, तर काय करता? दोन नवे गोऱ्हे एकत्र जुंपता का? नाही. नव्यासोबत जुना, शांत, रस्ता माहीत असलेला बैल जुंपता. आणि कासरा घराच्या जाणत्या माणसाच्या हातात देता, पहिल्यांदाच गाडीवर बसलेल्या पोराच्या हातात देत नाही. कारण गोऱ्हा बुजला तर जुना बैल त्याला धरून ठेवतो, आणि माणूस दोघांना सांभाळतो.

घोडेस्वारीत नेमकं हेच विसरलं जातं. घोडाही नवा आणि स्वारही नवी. घोड्याला बल्ली म्हणजे काय ते माहीत नाही, तो स्वाराकडून धीर मागतो. स्वाराला उडी म्हणजे काय ते माहीत नाही, ती घोड्याकडून धीर मागते. दोघांकडेही द्यायला धीर नाही. मग घोडा थांबतो, पोरगी पडते, आणि लोक म्हणतात, "पोरगी भित्री आहे."

म्हणून पहिला नियम हा की जोडीत एक तरी पक्का हवा. नव्या पोरीनं उडी शिकायची ती जुन्या, अनुभवी, शांत घोड्यावर. नव्या घोड्याला उडी शिकवायची ती जाणत्या स्वारानं. दोघं आपापल्या जागी तयार झाले, की मग एकमेकांना भेटवायचं, आणि तेव्हासुद्धा सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरुवात करायची.

वयाचंही बघा. बैलाचं वय आपण दातांवरून ओळखतो, दोन दाती, चार दाती. घोड्याचंही तसंच. त्याचे समोरचे पक्के दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीनं येतात, आणि पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. पण दात पुरे झाले तरी पाठीच्या हाडांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालूच असते. म्हणून चार वर्षांचा घोडा अंगानं थोराड दिसला तरी कोवळाच समजायचा. त्याला थोड्या, लहान उड्या. त्याही आठवड्यातून एक-दोन दिवस. बाकीचे दिवस सपाट जमिनीवरचं चालणं.

घोडा का थांबतो

घोडा हा शिकार होणारा प्राणी. रानात वाघ-बिबट्यापासून जीव वाचवायचा तो पळूनच. म्हणून नवी वस्तू दिसली की त्याच्या मनात पहिला विचार येतो, थांबू की पळू? यात त्याचा हट्ट नसतो.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळपास चारी बाजूंचं दिसतं, पण बरोबर कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. बल्ली अगदी पायाशी आली की ती त्याच्या नजरेआड जाते. ती त्यानं आधी लांबून नीट बघून ठेवलेली असावी लागते, आणि त्यासाठी त्याला मान खाली-वर करायची मोकळीक लागते. घाबरलेली स्वार लगाम गच्च ओढून धरते, म्हणजे बघायच्या वेळीच त्याची मान बांधली जाते.

दुसरं नुकसान त्याहून मोठं. उडी मारताना घोडा मान पुढं लांबवतो. तेव्हा स्वाराचा तोल गेला आणि तिनं लगामाला लटकून स्वतःला सावरलं, तर लोखंडी कडीचा झटका घोड्याच्या तोंडात बसतो. दोन-तीनदा असं झालं की घोडा हिशोब मांडतो, उडी मारली की तोंड दुखतं. पुढच्या वेळी तो थांबतो. तो थांबला की पोरगी आणखी घाबरते, आणखी ओढते. भीतीचं हे चक्र असं फिरतं.

आणि हो, माणसाची भीती घोड्याला कळते. स्वीडनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही लोकांना घोड्यासोबत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चार वेळा जायला लावलं. कोणी घोडा हातात धरून नेला, कोणी घोड्यावर बसून गेलं. चौथ्या खेपेच्या आधी माणसांना सांगितलं, "आता तुम्ही जवळून जाताना एक छत्री उघडली जाईल." छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या छातीचे ठोके वाढले, आणि सोबतच्या घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीची गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

म्हणून पोरीला नुसतं "घाबरू नको" म्हणून भागत नाही. तिची भीती खरोखर कमी होईल असं काम आखावं लागतं.

लहान लहान पायऱ्या

पहिली पायरी जमिनीवरची. पोरीनं घोड्यावर बसायचंच नाही. त्याला खरारा करायचा, त्याचे पाय उचलून खूर साफ करायचे, दोरीनं धरून फिरवायचं. मग जमिनीवर एक बल्ली आडवी ठेवायची आणि दोघांनी चालत ती ओलांडायची. त्याला हुंगायचं असेल तर हुंगू द्यायचं. इथंच दोघांना कळतं की बल्ली कोणाला खात नाही. दोरी मात्र हाताला कधी गुंडाळून घ्यायची नाही. गाई-म्हशीसाठी मी हे दरवेळी सांगते, घोड्यालाही तेच.

दुसरी पायरी तोल. शिकवणारा मध्ये उभा राहतो, लांब दोरीनं शांत घोड्याला गोल फिरवतो. पोरगी घोड्यावर बसते, पण लगाम तिच्या हातात नसतो. टाचा खाली, नजर समोर. लगाम न धरता बसता आलं की पुढं उडीच्या वेळी ती लगामाला लटकत नाही.

तिसरी पायरी जमिनीवरच्या बल्ल्या. आधी एक, मग तीन-चार ओळीनं. दोन ठेवायच्या नाहीत, कारण नवा घोडा दोन्ही एकदम ओलांडायला बघतो. दुडकीच्या चालीसाठी दोन बल्ल्यांमध्ये साधारण चार ते साडेचार फूट अंतर, घोड्याच्या पावलाप्रमाणे थोडं कमी-जास्त. घोडा टप टप टप पाय उचलत जातो, आणि पोरीला ताल सापडतो.

चौथी पायरी फुली. दोन बल्ल्या कात्रीसारख्या तिरप्या ठेवायच्या, मधला भाग एक-दीड वीतच उंच. फुलीचा मध्य सगळ्यात खाली असतो, म्हणून घोडा आपसूक मधूनच जातो. फुलीच्या आधी नऊ फुटांवर जमिनीवर एक बल्ली ठेवली, की दुडकीत येणाऱ्या घोड्याचं पाऊल बरोबर जागी पडतं आणि तो अचानक लांबून उडी घेत नाही. पोरीलाही कळतं, उडी आता येणार.

घोड्याच्या मानेभोवती एक साधा चामडी पट्टा बांधायचा. उडीच्या वेळी पोरीनं तो धरायचा किंवा आयाळ धरायची. लाज वाटून घ्यायची नाही. पट्टा ओढला तर घोड्याला त्रास नाही, तोंड ओढलं तर आहे.

उंची वाढवायची ती सगळ्यात शेवटी, आणि तीही बोटाबोटानं.

श्वास आणि सोळा आणे

घाबरलेला माणूस श्वास रोखतो. श्वास रोखला की अंग लाकडासारखं ताठ होतं, आणि ताठ अंग घोड्यावर उसळतं. यावर उपाय फार सोपा आहे, गाणं म्हणायचं. गाताना श्वास रोखता येत नाही. आपण रोवणीच्या वेळी चिखलात दिवसभर वाकून हात चालवतो, तेव्हा गाणं का म्हणतो? गाण्यानं हाताला ताल येतो, श्वास चालू राहतो. आपल्या आज्या जात्यावर बसून हेच करत होत्या. पोरीनं घोड्यावर तेच करायचं. गाणं येत नसेल तर पावलं मोठ्यानं मोजायची.

दुसरा उपाय भीती मोजण्याचा. त्या मायला मी सांगितलं, पोरीला दर वेळी विचारा, "सोळा आण्यांत आज भीती किती?" चार आणे असेल तर पुढच्या पायरीवर जा. आठ आणे असेल तर आहे त्याच पायरीवर राहा. बारा आणे झाली तर एक पायरी खाली उतर. खाली उतरणं म्हणजे हार नाही. बांधीत पाणी जास्त झालं तर आपण धुरा फोडून थोडं काढतोच ना?

आणि शेवट नेहमी चांगल्यावर करायचा. सहा-आठ उड्या नीट झाल्या की थांबायचं. "आणखी एकच" म्हणत राहिलं की घोडा थकतो, पाय लागतो, आणि दिवसाची शेवटची आठवण वाईट राहते. दुसऱ्या दिवशी दोघंही तीच आठवण घेऊन येतात.

घोडा थांबला तर, पोरगी पडली तर

घोडा बल्लीपुढं थांबला तर चाबूक नाही. आधी कारण शोधायचं. खोगीर टोचतंय का, पाय दुखतोय का, जमीन घसरडी आहे का, उंची जास्त झाली का? मग बल्ली खाली करायची, त्याला चालत जवळ आणून बघू द्यायची. पुढं एक जुना घोडा चालवायचा. जुन्याच्या मागं नवा बहुतेक वेळा निमूट जातो. जुन्या बैलाची गोष्ट इथं परत येते.

पोरगी पडली तर "लगेच चढ, नाहीतर भीती बसेल" असं म्हणायची जुनी रीत आहे. ही रीत सरसकट पाळू नका. आधी डोकं तपासायचं. चक्कर, ओकारी, डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी, काय झालं ते आठवत नाही, झोप आल्यासारखं वाटतं, यातलं एकही असेल तर त्या दिवशी घोडा बंद, आधी डॉक्टर. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर तिला हलवायचं नाही, १०८ ला फोन करायचा. डोक्यावर आपटली असेल तर ते हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी पुन्हा वापरायचं नाही.

काहीच लागलं नसेल, तर त्या दिवशी एखादी छोटी गोष्ट करून घरी जायचं. घोड्याला धरून दोन फेऱ्या, नाहीतर नुसतं पाणी पाजणं. चढायचं की नाही, ते तिनं ठरवायचं. माणसाला जबरदस्तीनं चढवलं तर भीती तशीच आत राहते.

मायनं फोनवर काय विचारावं

घोड्याचं ज्ञान नसलं तरी माय पाच प्रश्न विचारू शकते. डोक्यावर पट्टा लावलेलं हेल्मेट असतं का? पायात टाचेचे बूट आहेत का, म्हणजे पाय रिकिबीतून पुढं सरकून अडकणार नाही? बसण्याआधी खोगिराचा तंग कोण तपासतं? आज दिलेला घोडा किती वर्षांचा, आणि त्याला हे काम आधी येतं का? आणि पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: "मला आज हे जमणार नाही" असं तू म्हटलंस, तर शिकवणारे ऐकतात का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल, तर पोरीत दोष नाही, जागा बदलायची.

एक बाई होती डेन्मार्कची

तिचं नाव लिस हार्टेल. घोडेस्वार होती. १९४४ मध्ये, पोटात बाळ असताना, तिला पोलिओ झाला आणि अंग लुळं पडलं. बाळ सुखरूप जन्मलं. तिनं हळूहळू हात हलवायला, मग उठून चालायला सुरुवात केली, आणि घोड्यावरही परतली. गुडघ्याखाली पायात ताकद आलीच नाही. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये तिच्या प्रकारात बायकांना पहिल्यांदाच पुरुषांच्या बरोबरीनं उतरू दिलं, आणि तिनं रौप्यपदक मिळवलं. १९५६ मध्ये पुन्हा रौप्य. ती उड्या मारत नव्हती, शिस्तीच्या चालीच्या प्रकारात होती. पण ती परतली ती एकेका लहान पायरीनं. म्हणून तिची गोष्ट मी घाबरलेल्या प्रत्येक पोरीला सांगते.

शेवटी त्या पोरीचं काय झालं

मायनं पोरीला फोन केला. "हिंमत धर" म्हटलं नाही, "सोडून दे" म्हटलं नाही. घोड्याचं वय विचारलं, आणि सोळा आण्यांचा हिशोब सांगितला. पोरगी म्हणाली, "आई, चौदा आणे." मग तिनं शिकवणाऱ्यांशी स्वतः बोलून जुनी घोडी मागितली. महिनाभर फक्त जमिनीवरच्या बल्ल्या केल्या. नव्या घोड्याला ती अजून खरारा करते, दोरीनं फिरवते. उडी तिनं पुन्हा मारली, ती जुन्या घोडीवर, फुलीवरून. नव्या घोड्यावर अजून नाही. घाई नाही.

आणि बाप? मायनं त्यालाही सांगून टाकलं, गोऱ्ह्याची गोष्ट जोडून. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं एवढंच विचारलं, "त्या घोड्याले दात किती आहेत?" पोरीनं मोजून कळवलं, चार दाती. तो म्हणाला, "मंग लहान हाय अजून. थांब म्हना तिले."

मैत्रिणींनो, तुमच्या गटात या आठवड्यात एक काम करा. घरातली पोरगी कशाला घाबरते, ते तिला विचारा. घोडा नसेल, स्कूटी असेल, विहिरीत पोहणं असेल, बँकेत साहेबासमोर बोलणं असेल. सोळा आण्यांत किती, तेही विचारा. मग सगळ्यात लहान पायरी कोणती, ते तिच्याच तोंडून ठरवून घ्या, आणि पहिल्या दिवशी ते काम येणारं एक माणूस तिच्यासोबत द्या.

आज इथंच थांबते. पुढच्या वेळी भेटू, तेव्हा पहिल्यांदा व्यालेली गाय दूध काढू देत नाही, त्यावर बोलू. नमस्कार.